किटणाची तटबंदी

१६८३ हे साल गोव्याच्या इतिहासात कसे गेले हे गोवेकराला वेगळे सांगायला नको. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या, संभाजीराजे चालून आले, विजरईला माघार घ्यावी लागली आणि महिना सरायच्या आत मराठे जुवे बेटावर उतरले. या धामधुमीच्या दोन महिने आधी, दूर हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात, अँटनी व्हान लेवेनहूक नावाचा एक पन्नाशीचा गृहस्थ आपल्याच दातांच्या फटीतले किटण काढून स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहत होता. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले की, या पांढऱ्या किटणात असंख्य इवलेसे प्राणी हलताना दिसतात. माणसाच्या तोंडात सूक्ष्म जीवांची वस्ती आहे हे जगाला कळले ते या पत्रातून.

लढायांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. रोज सकाळी न्हाणीपाशी उभे राहून आपण जे काही दातांना लावतो, त्यालाही इतिहास आहे आणि तो लढाईच्याच भाषेत सांगितला जातो. जाहिरातीतला पांढऱ्या कोटातला माणूस 'जंतूंचा नायनाट' करून दाखवतो तेव्हा तो नकळत लेवेनहूकचाच वारसा सांगत असतो. पण लेवेनहूकने त्याच पत्रात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती जाहिरातवाले सांगत नाहीत.

हा लेवेनहूक काही वैद्य नव्हता की पंडितही नव्हता. मूळचा कापडाचा दुकानदार. त्याचे दात चांगले होते आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. रोज सकाळी तो मिठाने दात घासायचा, पाण्याने चूळ भरायचा, जेवणानंतर काडीने दाढा कोरायचा आणि फडक्याने दात पुसायचा. आपल्याकडच्या आगरावरचा माणूसही याहून वेगळे काही करत नसेल. तरीसुद्धा दातांच्या मध्ये भिजवलेल्या पिठासारखा काही पदार्थ उरतोच, असे त्याच्या लक्षात आले आणि त्यातून हा शोध लागला. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातले किटणही त्याने तपासले. त्यात तर या प्राण्यांची जत्राच भरली होती.

मग त्याने एक प्रयोग केला. वाइनपासून केलेले जहाल व्हिनेगर तोंडात घेऊन त्याने खळखळून चूळ भरली, नंतर पाण्याने तोंड धुतले आणि पुन्हा किटण काढून पाहिले. प्राणी होतेच, आणि दातांच्या फटीत तर पुष्कळ होते. आता त्याने किटण पाण्यात कालवले आणि त्यात व्हिनेगरचा थेंब मिसळला. प्राणी तत्काळ मेले. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा : व्हिनेगर प्राण्यांना मारते खरे, पण तोंडात ते किटणाच्या केवळ बाहेरच्या अंगाला पोचते, आतपर्यंत जात नाही.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. किटण म्हणजे नुसती घाण नव्हे, ती तटबंदी आहे, हे त्यात सांगितले गेले. आजचे शास्त्रज्ञ तिला 'बायोफिल्म' म्हणतात. जीवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना धरून दातावर थर करतात. मोकळे तरंगणाऱ्या जीवाणूंना जे औषध सहज मारते, ते या थरातल्या जीवाणूंपुढे पुष्कळदा हात टेकते. म्हणून 'प्रयोगशाळेत ९९ टक्के जंतू मेले' असे नळीवर लिहिलेले वाचले की विचारावे, हे बशीतल्या जंतूंविषयी की किटणातल्या?

आपल्याकडे दात घासण्याचा विचार त्याच्याही कितीतरी आधी झालेला आहे. चरकाने करंज, करवीर, रुई, मालती, अर्जुन आणि असणा यांच्या काड्या दातवणाला चांगल्या म्हणून सांगितल्या. सुश्रुताने चवीप्रमाणे निवड केली : कडूत निंब श्रेष्ठ, तुरटात खैर, गोडात मोह, तिखटात करंज. दातवण बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड असावे, इथपर्यंत तपशील दिला. जीवाणू हा शब्दही नसताना कडू, तुरट आणि तिखट यांचीच निवड झाली, हे निरीक्षण साधे नाही. तुरट चव टॅनिन वर्गातल्या द्रव्यांची असते आणि ती प्रथिनांना बांधून ठेवतात. निंबाच्या अर्काने दात किडवणाऱ्या जीवाणूंची चिकटून बसण्याची ताकद कमी होते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. १९१६ साली निघालेल्या कलकत्ता केमिकल कंपनीने तर हाच निंब मार्गो साबणात आणि नीम टूथपेस्टमध्ये घालून स्वदेशीच्या काळात घरोघर पोचवला.

तरीही दातवणाचे खरे बळ त्याच्या रसात किती आणि कुंच्यात किती, असा प्रश्न विचारला तर पारडे कुंच्याकडे झुकते. चावून मऊ केलेली काडी पाच-दहा मिनिटे दातांवर फिरली की तटबंदी ढासळते. व्हिनेगरची चूळ जिथे पोचत नाही, तिथे कुंचा पोचतो. आमच्याकडे आंब्याचे पान दुमडून त्यानेही दात घासत. माझी आजी अखेरपर्यंत तेच करायची आणि पेस्टच्या फेसाला 'साबणाचो फेंड' म्हणून नाक मुरडायची. राखुंडी, कोळशाची पूड, विटेचा चुरा हे त्याच जातीचे उपाय. मात्र त्यांनी किटणाबरोबर दातही झिजतो. आज काळ्या कोळशाची पेस्ट नव्या नवलाईने आणि चढ्या भावाने विकली जाते, तेव्हा आपल्या चुलीच्या वैलातली राखुंडी आठवल्यावाचून राहत नाही.

पण आपल्या या परंपरेत एक गोष्ट अशी शिरली की तिच्याविषयी हळवे होणे मला जमत नाही. ती म्हणजे मशेरी. तंबाखू हिंदुस्थानात आली पोर्तुगीजांच्या गलबतांतून. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू घेऊन गेला आणि ती ओढावी की नाही यावर दरबारातले हकीम वाद घालत बसले. विजापूर आपल्या शेजारचे. तिथे ती कोणत्या वाटेने आली असेल हे सांगायला नकोच. पुढे कोकणात आणि गोव्यात तिला दात घासण्याचे रूप मिळाले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. दुखणारी दाढ बधिर होते म्हणून सुरुवात व्हायची. मग सकाळची मशेरी दुपारी लागायची, रात्री निजतानाही लागायची. विडी ओढणारी बाई दिसली तर गाव बोट दाखवील, पण मशेरीला कुणी व्यसन म्हटले नाही, कारण ती 'दात घासत' होती.

दाढ बधिर झाली तरी कीड थांबत नाही. तिची खबर देणारा पहारेकरी तेवढा निजतो. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना त्यातले जीवाणू तिच्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि पुढे त्यातून नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये बनतात. तोंडातले जंतू मारायला म्हणून घेतलेली वस्तू जंतूंच्याच करणीने विषारी झालेली असते. माझ्या एका आत्याच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. मशेरी सोडा, नाहीतर पुढचे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी तिला बजावले. तिने सोडली, पण त्या दोन-तीन महिन्यांत तिची जी तगमग झाली ती आम्ही पाहिली आहे. दारू सोडणाऱ्याचे निदान कौतुक तरी होते. तिच्या लढाईला नावच नव्हते.

एप्रिल १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर बंदी घातली. उत्पादकांनी न्यायालयात दाद मागितली, पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. मात्र 'दंतमंजन' हे नाव गेले तरी वस्तू राहिली. तपकिरीची पेस्ट 'क्रीमी स्नफ' या नावाने नळीत भरून विकली जात राहिली. टूथपेस्टसारखी नळी, पुदिन्याचा वास, आणि आत तंबाखू. पोसऱ्यावर ती टूथपेस्टच्या शेजारी ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे.

आता परत युरोपात जाऊ. लेवेनहूकनंतर दोनशे वर्षे या प्राण्यांचा आणि दातदुखीचा संबंध कुणी नीट जोडला नाही. तो जोडला विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत त्याने काम केले आणि १८९० साली तोंडातल्या सूक्ष्म जीवांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. काढलेले दात त्याने लाळेत बुडवले आणि त्यात पाव किंवा साखर घातली. दात विरघळू लागले. पावाऐवजी मांसाची चरबी घातली तर काही झाले नाही. लाळ उकळून घेतली तरीही काही झाले नाही. म्हणजे लाळेतले जिवंत काहीतरी साखर-पिठाचे आम्ल करते आणि ते आम्ल दात खाते. दातात किडा शिरतो ही जगभरची समजूत इथे संपली. आपण अजूनही 'दाताला कीड लागली' म्हणतो ते भाषेच्या सवयीने.

याच काळात जंतुनाशकांचे वेड आले. १८७९ साली निघालेल्या लिस्टरिनमध्ये निलगिरी, पुदिना आणि थायमॉल यांचे अंश होते. हे थायमॉल म्हणजे आपले ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीतले कारखाने हिंदुस्थानातून गेलेल्या ओव्यापासूनच ते काढत. पोट दुखले की आजी ओवा चावायला देते, त्याचेच सत्त्व साहेबाच्या बाटलीतून परत आले. ही तेले जीवाणूच्या आवरणाला भोक पाडतात, आणि किटणात थोडीफार शिरतातही. पण घासण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

खरी कलाटणी मिळाली ती जंतू मारण्याच्या नादाबाहेर. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला. तिथल्या लोकांचे दात तपकिरी डागांचे होते; पण नवल असे की ते किडत फार कमी. तीस वर्षे शोध चालला. १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने पाण्यात फ्लोराइड असल्याचे दाखवले. मग ट्रेंडली डीनने गावोगावचे दात तपासून हिशेब मांडला, की एका लिटर पाण्यात साधारण एक मिलिग्रॅम फ्लोराइड असले तर डाग फारसे पडत नाहीत आणि कीड मात्र कमी होते. २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळले गेले. याची दुसरी बाजू आपल्या देशाला चांगली ठाऊक आहे. फ्लोराइड फार झाले की दातच नव्हे, हाडेही वाकतात. तेलंगणातल्या नळगोंड्याने हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले, आणि पाण्यातून फ्लोराइड काढण्याची पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने शोधली तिला नावही 'नळगोंडा पद्धत' असेच मिळाले. औषध आणि विष यांच्यात अंतर मात्रेचे असते, हे याहून ठळकपणे कुठे दिसणार?

टूथपेस्टमध्ये फ्लोराइड घालणे मात्र वाटले तितके सोपे नव्हते. पेस्टमध्ये घासण्यासाठी खडू असतो, म्हणजे कॅल्शियम. ते फ्लोराइडला नळीतच धरून ठेवायचे आणि दातापर्यंत काही पोचायचेच नाही. घासणारा पदार्थ बदलून इंडियाना विद्यापीठात ही अडचण सोडवली गेली आणि १९५५ मध्ये अमेरिकेत 'क्रेस्ट' बाजारात आली. तिच्यात स्टॅनस फ्लोराइड होते. स्टॅनस म्हणजे कथिल, आपला कल्हईवाला भांड्यांना लावतो ते. यात कामाची वाटणी झालेली आहे. फ्लोराइड मुख्यतः दाताची डागडुजी करते : आम्लाने विरघळलेल्या जागी लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट परत बसवते, आणि ती जागा आधीपेक्षा घट्ट होते. शिवाय आम्ल असेल तेव्हा ते जीवाणूच्या आत शिरून त्याची साखर पचवण्याची भट्टी मंद करते. कथिल मात्र थेट जीवाणूंवर चालून जाते आणि हिरड्यांची सूज कमी करते.

हिरड्यांचे कोडे सुटले ते १९६५ साली डेन्मार्कच्या ऑरहूस गावी. हाराल्ड लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरातच त्या बऱ्या झाल्या. किटण साचणे हेच कारण, हे इतक्या साध्या रीतीने सिद्ध झाले. याच लॉ यांनी १९७० मध्ये दाखवले की ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनने दिवसातून दोनदा चूळ भरली तर ब्रश न लावताही किटण जवळजवळ साचत नाही. हे द्रव्य दाताला आणि तोंडाच्या त्वचेला चिकटून राहते आणि तासन्‌तास थोडे थोडे सुटत जाते. लेवेनहूकच्या व्हिनेगरला जे साधले नाही, ते याला साधले. नवा तट उठण्याआधीच हे जागेवर हजर असते.

पण फुकट काही मिळत नाही. क्लोरहेक्सिडिनने दात तपकिरी होतात आणि जेवणाची चव बिघडते. शिवाय टूथपेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट आणि हे द्रव्य एकमेकांना निकामी करतात. एकाचा विद्युतभार धन, दुसऱ्याचा ऋण. म्हणून पेस्टने घासल्यावर लगेच ही चूळ भरू नये, अर्धा तास थांबावे, असे दंतवैद्य सांगतात. दोन औषधांचे भांडण आपल्याच तोंडात होते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

त्यानंतर आले ट्रायक्लोसन. १९९७ मध्ये अमेरिकेत 'कोलगेट टोटल'ला ते घालून विकायची परवानगी मिळाली. ते दातावर टिकावे म्हणून सोबत एक चिकट बहुवारिक घातलेले असे. फायदा खरा होता : २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात किटण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होत असल्याचे नोंदले आहे. पण १९९८ सालीच कळले होते की ट्रायक्लोसन जीवाणूच्या एका ठरावीक विकरावर नेम धरते, आणि जिथे नेम एकाच ठिकाणी असतो तिथे जीवाणू चुकवायला शिकतात. साबणातून आणि पेस्टमधून ते नद्यांतही जाऊ लागले. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारने हात-अंग धुण्याच्या साबणांतून त्याला हद्दपार केले. टूथपेस्टला सूट होती, तरी २०१९ मध्ये त्या कंपनीने तिथल्या आपल्या पेस्टमधून ते काढले आणि त्याजागी घातले पुन्हा तेच जुने स्टॅनस फ्लोराइड. कल्हईवाला परत आला.

आणि आता तर विचारच फिरला आहे. तोंडात जीवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती सापडतात आणि त्यातल्या बहुतेक आपल्या जुन्या शेजारी आहेत. १९९४ मध्ये फिलिप मार्श या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडले की दात किडतात ते कुणी परका शत्रू आल्याने नव्हे, वस्तीचा समतोल बिघडल्याने. वारंवार साखर मिळाली की तोंड पुन्हा पुन्हा आम्लधर्मी होते. आम्ल सोसणारे जीवाणू माजतात आणि बाकीचे हटतात. पालेभाज्यांतल्या नायट्रेटचे नायट्राइट करणारे जीवाणू जिभेवर असतात आणि ते रक्तवाहिन्या सैल राखायला मदत करतात. २०१३ साली लंडनमध्ये १९ निरोगी माणसांना सात दिवस क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरायला दिल्या, तेव्हा त्यांचा रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी वाढला. अभ्यास छोटा आहे, पण विचार करायला लावणारा. तंबाखूच्या पानात विष घडवणारी करामत आणि जिभेवरची ही उपकारक करामत रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच. फरक आहे तो जागेचा.

म्हणून नव्या पेस्टमध्ये आर्जिनिन घालू लागले आहेत. ते कुणाला मारत नाही. काही सज्जन जीवाणू ते खाऊन अमोनिया सोडतात आणि आम्ल शमते. चांगल्या शेजाऱ्याला शिधा द्यायचा, म्हणजे तो वाड्याची राखण करतो, असा हा हिशेब.

या सगळ्यातून आपण काय घ्यावे? नळीवर निंब, लवंग, मीठ, कोळसा काहीही लिहिलेले असो, मागच्या बारीक अक्षरांत फ्लोराइड आहे का ते आधी पाहावे. आपल्या कायद्याने त्याची कमाल मर्यादा दशलक्षात १००० भाग ठरवली आहे, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. लहान मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी, कारण ते गिळते. जेवणाच्या मधल्या वेळचे गोड जितके कमी तितके बरे. रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ आटते आणि तटबंदी बांधायला रात्र मोकळी मिळते. दातवण आवडत असेल तर खुशाल करावे. पण दातांच्या आतल्या बाजू आणि दाढांच्या फटी त्याला सापडत नाहीत, हे ध्यानात ठेवून.

आणि घरात अजून कुणी म्हातारी पदराआड डबी लपवून मशेरी लावत असेल, तर तिला हसू नये आणि दटावूही नये. तिला कुणी तरी कधी काळी दाढदुखीवर औषध म्हणूनच ती दिली होती. तिच्याजवळ बसावे, दिव्याच्या उजेडात एकदा तिचे तोंड नीट पाहावे, आणि गालात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली तर दुसऱ्याच दिवशी तिला दंतवैद्याकडे घेऊन जावे.